आबांची मनिऑर्डर

आज आम्ही आमच्या आजोबांविषयी बोलणार आहोत. आम्ही म्हणजे त्यांच्या पाच नाती, सख्ख्या-चुलत मिळून. आजोबांना आम्ही आबा म्हणायचो. ते कुणी पुढारी नव्हते, कुठल्या पुस्तकात त्यांचं नाव नाही. मुंबईच्या एका कापड गिरणीत त्यांनी एकोणतीस वर्षं काम केलं, एवढंच. पण सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत असा एखादा आबा होऊन गेला आहे. तुमच्याही घरात असेल. म्हणून ही गोष्ट आमच्या एकटीच्या घरची नाही.

आधी गिरण्यांचं थोडं सांगतो. मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली आणि १८५६ मध्ये ती ताडदेवला सुरू झाली. पुढे लालबाग, परळ, भायखळा, वरळी या भागांत इतक्या गिरण्या उभ्या राहिल्या, की त्या मुलखाला गिरणगाव हेच नाव पडलं. तिथे राबायला माणसं गेली ती आपल्यासारख्या डोंगरकपारीतून. पावसावरची शेती, भावांत वाटण्या झालेलं रान, वर सावकाराचं देणं. घरटी एक गडी मुंबईला धाडल्याशिवाय निभावत नसे.

आबा १९५३ मध्ये गेले, तेव्हा अठरा वर्षांचे होते. गावचाच एक जण साचाखात्यात होता, त्याच्या ओळखीनं ते बदली कामगार म्हणून लागले. बदली म्हणजे काय, तर रोज गिरणीच्या दारात हजर व्हायचं. कायम कामगारांपैकी कुणी आला नाही, तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं काम मिळायचं. सगळे आले, तर रिकाम्या हातानं खोलीवर परत. कायम व्हायला आबांना सहा वर्षं लागली.

खोली म्हणजे दहा बाय बाराचा गाळा, आणि त्यात गावचे पंधरा-सोळा जण. गिरणी तीन पाळ्यांत चालायची, म्हणून एवढी माणसं मावायची. पहिल्या पाळीवाला उठून गेला, की रातपाळीवाला त्याच्याच वळकटीवर आडवा व्हायचा. जेवण खानावळीत. खानावळ चालवणाऱ्या बहुतेक बाया गिरणी कामगारांच्याच घरातल्या. सावकाराकडून कर्ज काढून त्या किराणा भरायच्या आणि व्याज फेडता फेडता थकून जायच्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू करून या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्यांच्या हातची भाकरी खाल्ल्याचं आबा शेवटपर्यंत सांगायचे.

साचाखात्यात आवाज एवढा, की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. कामगार खुणांनी बोलायचे. आबांचे कान त्यातच गेले. पण त्या खुणा त्यांनी आम्हा नातींना शिकवल्या होत्या. पाणी आण, साचा थांबव, साहेब येतोय, जेवायला चल! आजी रागावली, की आम्ही तिच्या पाठीमागे खुणांनी बोलायचो आणि आबा गालात हसायचे.

आता आजीचं सांगतो, कारण तिच्याशिवाय आबांचा इतिहास अर्धाच राहील. आबा वर्षातून दोनदा घरी यायचे, दिवाळीला आणि गावच्या जत्रेला. बाकीचं सगळं वर्ष आजीचं. पेरणी, भांगलण, गुरं, चार लेकरं, सासू-सासऱ्यांचं आजारपण. आबा सुट्टीवरून परत निघाले, की तांदूळ, नाचणीचं पीठ, चटणी असं गाठोडं ती बांधून द्यायची. लोक म्हणायचे, मुंबईच्या पैशावर गाव जगतं. ते खरंच, पण अर्धंच. कुटुंब मुंबईत ठेवायचं, तर आबांच्या पगारात ते भागलं नसतं. ते गावात ठेवून आजीनं जगवलं, म्हणूनच तेवढ्या पगारावर गिरणीला माणूस मिळाला. हजेरीपटावर नाव आबांचं होतं, पण गिरणी चालवायला आजीचेही हात लागले होते. तिची हजेरी कुणी मांडली नाही, एवढाच फरक.

याचा पुरावा आमच्याकडे आहे. तो म्हणजे मनिऑर्डरची कुपनं. पैसे पाठवताना फॉर्मच्या एका तुकड्यावर दोन ओळी लिहायला जागा असायची. पोस्टमन पैसे द्यायचा, अंगठा घ्यायचा, त्या ओळी वाचून दाखवायचा आणि तुकडा आपल्याकडे राहायचा. आजीला वाचता येत नव्हतं, पण तिनं एकही तुकडा टाकला नाही. आबांनीच आणलेल्या मांजरपाटाच्या पिशवीत तिनं ते सगळे जपले.

पहिली कुपनं पणजोबांच्या नावावर आहेत, १५ रुपये, २० रुपये. जानेवारी १९५६ चं एक आहे. त्या महिन्यात संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती, गोळीबारात अनेकांचे जीव गेले. आबांनी इतकंच लिहिलं आहे, ‘मी खुशाल आहे. काळजी नसावी.’ पणजोबा १९६१ मध्ये वारले आणि तिथून मनिऑर्डर आजीच्या नावानं येऊ लागली. ‘बैलाचं बघ.’ ‘थोरलीला शाळेतून काढू नको.’ हे दुसरं वाक्य आमच्या आत्याविषयी आहे. आत्या सातवी शिकली, ती या एका ओळीमुळे.

डिसेंबर १९८१ नंतर मात्र कुपन नाही. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे साठ गिरण्या आणि जवळपास अडीच लाख कामगार. पगारवाढ हवी होती, बदली कामगारांना कायम करायला हवं होतं, आपली संघटना आपण निवडायची होती. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. आबा पावसाच्या तोंडावर गावी आले, पेरणी करून परत गेले, फेऱ्या मारत राहिले. शेवटी गिरणीनं त्यांना परत घेतलं नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी ते वळकटी घेऊन गावी आले, ते कायमचेच. त्या वर्षी आणि पुढेही घर चाललं ते आजीच्या शेतावर आणि दोन म्हशींवर. आबा गप्प झाले होते. आजीनं त्यांना एकदाही टोचून बोललं नाही, असं आत्या सांगते.

आबा २००३ मध्ये गेले. त्यानंतर गिरणी कामगारांच्या घरांचा विषय गावात आला. १९९१ च्या नियमानं गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानानं तीन वाटे व्हायचे होते. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरतीच उरली. म्हणून घरं थोडी आणि मागणारे दीड लाखाच्या वर. २०१२ मध्ये पहिली मोठी सोडत निघाली. अर्जाला पुरावा लागायचा, गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर, विमा कार्ड, फंडाचा कागद. गावातल्या कित्येक घरांत यातला एकही कागद निघाला नाही. आमच्याकडे निघाले, त्या मांजरपाटाच्या पिशवीत, कुपनांच्या खाली.

अर्ज भरताना काका म्हणाले, आई थकली आहे, हेलपाटे तिला झेपायचे नाहीत, मुलाच्या नावानं भरू. आजी ओट्यावर डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मनिआर्डर माझ्या नावानं येत हुती. मग घर दुसऱ्याच्या नावानं कसं?” पुढे कुणी काही बोललं नाही. अर्ज आजीच्याच नावानं गेला. आमचा नंबर अजून लागलेला नाही. लागेल का, ते सांगता येत नाही.

मैत्रिणींनो, तुमच्याकडे आजी असेल, तर या आठवड्यात तिच्यापाशी बसा. आजोबा कुठल्या गिरणीत होते, कुठलं खातं, कुठली पाळी, तिकीट नंबर काय, कुणाच्या ओळखीनं लागले, हे विचारून वहीत लिहा. आणि त्याच वहीच्या दुसऱ्या पानावर लिहा, त्या वर्षांत गावाकडे आजीनं काय काय केलं. ट्रंकेतले कागद उंदरा-वाळवीपासून सांभाळा. अर्ज करायचा असेल, तर हयात विधवेचा हक्क आधी विचारा, आणि मुलींची नावं वारसांत आली का तेही बघा.

आमच्या वहीत पहिल्या पानावर आबांचा तिकीट नंबर आहे. दुसरं पान आजी सांगते आहे, आम्ही लिहितो आहोत. ते अजून भरलेलं नाही.