नांगरावांचून पिकलेलीं शेतें

नांगर नाहीं तेथें शेती नाहीं, असा समज युरोपांतून गेलेल्या वसाहतवाल्यांनीं अमेरिकेंत नेला आणि पुढें तो इतिहासाच्या ग्रंथांतही शिरला. परंतु त्याच इतिहासांतले कांहीं आंकडे या समजाला मुळींच जुमानीत नाहींत.

आजच्या न्यूयॉर्क संस्थानांत इरोक्वॉय लोकांची वस्ती होती. त्यांपैकीं सेनेका हे सर्वांत पश्चिमेकडचे. १६८७ सालीं कॅनडाचा फ्रेंच गव्हर्नर देनोनव्हील यानें त्यांच्यावर स्वारी केली व १२,००,००० बुशेल मका नष्ट केल्याचें कळविलें. विजयी सेनापतीचा आंकडा फुगलेला असावयाचाच. पण निम्मा धरला तरी नवल उरतेंच. कारण या लोकांपाशीं नांगर नव्हता आणि तो ओढावयास बैलही नव्हता.

शेतीचें काम बहुतेक सारें बायकांचें, आणि पिकावर सत्ताही त्यांचीच. रान तोडून मोकळ्या केलेल्या जागेंत दोन-तीन हातांच्या अंतरानें त्या मातीचे लहान उंचवटे करीत. तेच उंचवटे वर्षानुवर्षें कामीं येत, मधली जमीन कोणी उलथीत नसे. उंचवट्यावर मक्याचे थोडे दाणे टोंचावयाचे. रोप वीतभर झालें, कीं त्याच्या बुडाशीं घेवडा, आणि मधून मधून भोपळा. घेवड्याला मक्याचें ताट हाच मांडव. भोपळ्याचीं रुंद पानें तण दाबीत व ओल राखीत. या तिघींस ते लोक बहिणी म्हणत. आमच्याकडे ज्वारींत तूर घेणाऱ्या कुणब्याला यांत विशेष कांहीं वाटणार नाहीं. त्याला वाटेल तें नांगर नसल्याचें.

द्विदल धान्यांच्या मुळांवरील गांठींतले सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र पिकाच्या उपयोगीं आणतात, हें हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन संशोधकांनीं १८८६ ते १८८८ या काळांत दाखविलें. तेव्हांपासून सारें श्रेय घेवड्याला देण्याची चाल पडली. तें अर्धवट आहे. घेवडा आपण बांधलेला पुष्कळसा नत्र स्वतःच्याच दाण्यांत सांठवितो. कॉर्नेल विद्यापीठांतील जेन माउंट प्लेझंट या विदुषींनीं २०११ सालीं निराळें कारण पुढें मांडलें. नांगरानें जमीन उलथली कीं तींतील कुजलेला पाला हवा लागून झपाट्यानें नाहींसा होतो. न नांगरलेल्या जमिनींत तो टिकतो व पिकाला हळूहळू अन्न पुरवितो. इरोक्वॉय बायकांचें एकरीं धान्य त्या काळच्या युरोपी गव्हाच्या तिपटीपासून पांचपटीपर्यंत असावें, असा त्यांचा अंदाज आहे.

या सुबत्तेची किंमत शत्रूला बरोबर कळली होती. १७७९ सालीं जॉर्ज वॉशिंग्टन यानें सेनापति सलिव्हन यास याच मुलखावर धाडिलें, तें उभीं पिकें नष्ट करण्याची व पुन्हां पेरणी होऊं न देण्याची स्पष्ट आज्ञा देऊन. सलिव्हननें ४० गांवें जाळलीं आणि १,६०,००० बुशेल मक्याचा नाश केल्याचें लिहून पाठविलें. त्या कडक हिंवाळ्यांत हजारों निराश्रित नायगारा येथील इंग्रजांच्या किल्ल्याभोंवतीं गोळा झाले. त्यांतले कित्येक भुकेनें व थंडीनें मेले. युद्ध संपल्यावर या प्रदेशांतील बरीचशी जमीन सैनिकांस बक्षिसादाखल वांटण्यांत आली, आणि त्यांच्या मागोमाग नांगर तेथें आला.