चहा सांडला ११.२० ला, कॉम्प्युटर गेला ३.५५ ला

शेंदूरजनाघाट हे संत्र्याच्या कलमांचं गाव. सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशच्या सीमेला लागून असलेल्या वरुड तालुक्यातलं. इथल्या रोपवाटिकांमधली कलमं दूरदूरच्या राज्यांत जातात. अशा गावात ३० नोव्हेंबर ही तारीख घरोघरी पाठ असते. आंबिया बहाराच्या संत्र्याचा हवामान आधारित फळपीक विमा भरायची मुदत साधारणपणे त्या दिवशी संपते. मग ऑनलाइन सेवा केंद्रांपुढे सातबारा, आठ-अ, पासबुक आणि बागेचा फोटो घेऊन माणसं सकाळपासून उभी असतात.

पुढचा घटनाक्रम कुठल्याही एका केंद्राचा नाही. चहा-पाणी सांडून दुरुस्तीच्या टेबलावर येणाऱ्या कॉम्प्युटरची हकीगत थोड्याफार फरकाने हीच असते. ती मी इथल्या या एका दिवसात बसवली आहे, कारण घाई माणसाकडून काय करवते ते या दिवशी सगळ्यात स्वच्छ दिसतं.

सकाळी ११.२० : चार तास पस्तीस मिनिटं बाकी

टेबलावर प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, फायलींचा गठ्ठा. जागा उरली ती फक्त कॅबिनेटच्या डोक्यावर, म्हणून चहाचा ग्लास तिथे. त्याच्याच खाली हवा बाहेर फेकणारा पंखा आणि जाळी. कोणीतरी कागद पुढे केले, मनगट लागलं, ग्लास आडवा झाला.

केंद्र चालवणाऱ्या मुलाने आधी काय उचललं? लोकांचे सातबारे. माणूस म्हणून ते बरोबरच होतं. मग फडक्याने कॅबिनेट पुसलं. स्क्रीन चालूच होता, अर्ज तसाच दिसत होता. "काही नाही झालं," असं दोघं-तिघं म्हणाले.

आत मात्र चहा मदरबोर्डावरून खाली ओघळत होता. प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग पाठीमागच्या वरच्या बाजूला असतो, त्याच्यावरून रॅमच्या खाचांकडे. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, पण चहात दुधाचे आणि पाण्याचे क्षार असतात. जिथे चिपच्या दोन पायांमध्ये मिलिमीटरभरही अंतर नाही, तिथे तो एक थेंब तार होऊन बसतो.

११.२३ : स्क्रीन काळा

मुलाने झटकन भिंतीवरच्या बोर्डाचं बटन बंद केलं. इथे सगळ्यांचा समज झाला की वीज तुटली. तुटली नव्हती. लाईन कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून कॉम्प्युटरची पिन भिंतीत नव्हे तर यूपीएसमध्ये होती. यूपीएस बॅटरीवर गेला आणि टीं-टीं करू लागला. तो आवाज गर्दीत नकोसा झाला, म्हणून कोणीतरी बटन पुन्हा चालू केलं.

या तीन-चार मिनिटांवर मला जास्त बोलायचं आहे, कारण दिवसाचा निकाल बराचसा इथेच लागला. डेस्कटॉप बंद दिसतो तेव्हाही पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएस, बोर्डाला ५ व्होल्ट देत राहतो. समोरचं बटन दाबल्यावर कॉम्प्युटर जागा होतो तो त्यामुळेच. ओल्या बोर्डात हे ५ व्होल्ट पुरेसे असतात. धन बाजूचा धातू विरघळतो, थेंबातून ऋण बाजूकडे सरकतो आणि तिथे केसाहून बारीक फांद्या धरतो. ती फांदी पलीकडच्या पायाला टेकली की शॉर्ट. याला दिवस लागत नाहीत, मिनिटंही पुरतात. नंतर भिंगाखाली पायांच्या मुळाशी हिरवट-पांढरी साय दिसते ती याचीच.

करायचं होतं ते एवढंच: कॅबिनेटच्या मागची काळी वायर हाताने उपटून काढायची. मग समोरचं बटन दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं, म्हणजे उरलीसुरली वीज उतरते. बाकीच्या वायरी काढायच्या, बाजूचं झाकण उघडायचं आणि चहा टिपून घ्यायचा. घासायचा नाही. कॅबिनेट उभंच ठेवायचं, कारण ते उलटंपालटं केलं की चहा नव्या जागी जातो. बोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल असतो, बहुतेक सीआर२०३२, तोही काढायचा.

दुपारी १२.१५ : कॅबिनेट उन्हात

झाकण न काढता कॅबिनेट अंगणात ठेवलं. शेजारून केस वाळवायचं मशीन आलं आणि जाळीतून गरम हवा मारली गेली. त्या हवेने चहा चिपांच्या पोटाखाली ढकलला. पाणी उडालं, पण साखर, दूध आणि क्षार जागेवरच राहिले. त्यांचा चिकट थर हवेतली ओल पुन्हा धरतो आणि धातू खात राहतो.

सुकलेलं म्हणजे साफ झालेलं नव्हे. नुसतं पाणी सांडलं असतं तर सुकवण्याने बरंच भागलं असतं. चहा, सरबत, संत्र्याचा रस यांना धुवावंच लागतं. त्यासाठी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश घेतात आणि नंतर दिवस-दोन दिवस वाळू देतात. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्लाही कोणीतरी दिला होता. तांदूळ साखर ओढत नाही.

१.४० : फोन

वरुडच्या मेकॅनिकने फोनवर एकच वाक्य सांगितलं: चालू करू नका, घेऊन या. ते सगळ्यांनी ऐकलं.

३.३० : पंचवीस मिनिटं बाकी

रांग वाढली होती. "सुकलं असन न भाऊ आता, लावून तं पाहा," एक आजोबा म्हणाले. त्यांची बाग, त्यांचा पैसा, त्यांची शेवटची तारीख. त्यांना मी दोष देत नाही. पण एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही. अर्ज सरकारी पोर्टलवर भरायचा होता, या डब्यात नव्हे. सकाळी साडेअकरालाच कोणाचा तरी लॅपटॉप मागवला असता किंवा लोकांना दुसऱ्या केंद्रावर धाडलं असतं, तर कॉम्प्युटरवर घाईचा भार पडलाच नसता. चार तास माणसं मशीन सुकण्याची वाट पाहत बसली.

३.५५ : बटन

पंखा फिरला, थांबला. पुन्हा फिरला, थांबला. एसएमपीएसला शॉर्ट लागला होता आणि तो स्वतःला वाचवण्यासाठी बंद होत होता. इथेही वायर उपटली असती तर बोर्ड कदाचित वाचला असता. बटन पुन्हा दाबलं गेलं, मग पुन्हा. नंतर जळकट वास आला.

प्रोसेसरला साधारण एक व्होल्ट लागतो. १२ व्होल्ट एवढे कमी करायचं काम त्याच्या शेजारचे छोटे चौकोनी मॉस्फेट करतात. त्यातला वरचा एक फुटून आरपार झाला की १२ व्होल्ट सरळ प्रोसेसरवर जातात. सकाळी हे नुसतं साफसफाईचं काम होतं. आता बोर्डही गेला आणि प्रोसेसरही.

संध्याकाळी ७ : दुरुस्तीचं टेबल

जाणता मेकॅनिक सगळ्यात आधी डिस्क काढतो. फायली तिथे असतात. बोर्ड मेला तरी त्या मरत नाहीत. एसएसडी कोरडी होती, दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली आणि उघडली. जुनी फिरती हार्ड डिस्क भिजलेली असती तर तिला वीज द्यायचीच नाही. तिच्या झाकणाला हवेचं छिद्र असतं, त्यातून आत काय गेलं ते बाहेरून कळत नाही. ती डेटा काढून देणाऱ्या लॅबकडेच पाठवावी.

बाकीचा तपास एकेक वस्तू वगळत होतो. एसएमपीएस वेगळा तपासायचा, पण उघडायचा नाही. पिन काढल्यावरही त्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या आसपास व्होल्ट काही काळ राहू शकतात. मग फक्त बोर्ड, प्रोसेसर आणि एक रॅम. रॅमचे सोनेरी दात साफ करायचे, प्रिंटर-बिंटर काही लावायचं नाही आणि बीप ऐकायचा. या टेबलावर बीप आला नाही.

तुमच्या दुकानातल्या, केंद्रातल्या, घरातल्या कॉम्प्युटरची पिन नेमकी कशात घुसली आहे, ते आजच टेबलाखाली वाकून पाहा. आणि मागची वायर कुठून उपटायची ते तिथे बसणाऱ्या प्रत्येकाला दाखवून ठेवा.