कर्करोगातील कोशिकामृत्यू व नैसर्गिक संयुगे

शरीरातील एखादी कोशिका (पेशी) जीर्ण, निकामी वा धोकादायक झाली म्हणजे ती ठरावीक क्रमाने स्वतःचा शेवट घडवून आणते. या प्रक्रियेस नियोजित कोशिकामृत्यू अथवा ॲपॉप्टोसिस असे म्हणतात. कर्करोगाच्या कोशिका ही प्रक्रिया दडपून टाकतात व त्यामुळे मरणे आवश्यक असतानाही जिवंत राहून वाढत जातात. त्यांच्यात ही प्रक्रिया पुन्हा सुरू करणे हे कर्करोगचिकित्सेचे एक प्रमुख उद्दिष्ट आहे. वनस्पती, सूक्ष्मजीव व खनिजे यांपासून मिळणारी काही संयुगे हे कार्य करतात आणि त्यांपैकी काही संयुगांच्या बाबतीत कोशिकेतील ‘ऑक्सिडीकारक ताण’ हे त्याचे एक साधन असते. प्रस्तुत नोंदीत या ज्ञानाच्या विकासाचा इतिहास दिलेला आहे.

कोशिकामृत्यूचा शोध : प्राण्याच्या नैसर्गिक वाढीतही कोशिका मरतात, हे कार्ल फोग्ट या शास्त्रज्ञांनी १८४२ मध्ये बेडकाच्या पिलांचा अभ्यास करताना नोंदविले होते. १८८५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ व्हाल्टर फ्लेमिंग यांनी मरणाऱ्या कोशिकेच्या केंद्रकाचे तुकडे होत असल्याचे वर्णन केले. तथापि पुढे सु. ऐंशी वर्षे या निरीक्षणांकडे फारसे लक्ष गेले नाही. कोशिकेचा मृत्यू म्हणजे आघाताने झालेला नाश, ही समजूत दृढ होती. ऑस्ट्रेलियन विकृतिवैज्ञानिक जॉन कर यांना १९६५ च्या सुमारास यकृतात निराळ्या प्रकारे मरणाऱ्या कोशिका आढळल्या. त्या फुगून फुटत नव्हत्या, तर आक्रसत होत्या आणि आजूबाजूला दाह उत्पन्न न करता शेजारच्या कोशिकांकडून गिळल्या जात होत्या. कर यांनी स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील अँड्रू वायली व ॲलास्टर करी यांच्यासह १९७२ मध्ये या प्रकारास ‘ॲपॉप्टोसिस’ हे नाव दिले. झाडाची पाने वा फुलाच्या पाकळ्या गळून पडणे, असा अर्थ असलेला हा ग्रीक शब्द त्यांना ॲबर्डीन विद्यापीठातील ग्रीक भाषेचे प्राध्यापक जेम्स कॉरमॅक यांनी सुचविला. अर्बुदांची वाढ ही कोशिकांच्या विभाजनावर जशी अवलंबून असते तशीच ती त्यांच्या मृत्यूवरही अवलंबून असते, हा महत्त्वाचा विचार त्यांच्या निबंधात मांडलेला होता.

या मृत्यूमागे जनुकांचे नियंत्रण असते, हे एका सूक्ष्म सूत्रकृमीच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. या कृमीच्या वाढीत निर्माण होणाऱ्या १,०९० कायिक कोशिकांपैकी नेमक्या १३१ कोशिका मरतात. रॉबर्ट हॉर्व्हिट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये या मृत्यूस आवश्यक असलेली जनुके दाखवून दिली. या कार्याबद्दल हॉर्व्हिट्स, सिडनी ब्रेनर व जॉन सल्स्टन यांना २००२ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान १९८८ मध्ये मेलबर्न येथे डेव्हिड व्हॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, लसीका ग्रंथींच्या एका प्रकारच्या कर्करोगात आढळणारे बीसीएल-२ हे जनुक विभाजनाला चालना देत नसून कोशिकेचा मृत्यू टाळते. कर्करोग म्हणजे केवळ अनियंत्रित वाढ नव्हे, तर मृत्यूचा अभावही होय, याला त्यामुळे प्रत्यक्ष पुरावा मिळाला.

कोशिकेस ऊर्जा पुरविणारे कलकणूच (मायटोकाँड्रियाच) तिच्या मृत्यूचा निर्णय अंमलात आणण्यास मदत करतात, हे १९९६ मध्ये श्याओडाँग वाँग यांच्या संशोधनाने उघड झाले. कलकणूंच्या आवरणाला छिद्रे पडली म्हणजे सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर पडते. एरवी श्वसनक्रियेत सहभागी असलेले हे प्रथिन बाहेर येताच कॅस्पेज नावाच्या एंझाइमांची साखळी कार्यान्वित करते. ही एंझाइमे कोशिकेतील प्रथिने ठरावीक जागी तोडतात, केंद्रकातील डीएनएचे तुकडे होतात आणि काही तासांतच कोशिका संपुष्टात येते. कलकणूंचे आवरण अभंग ठेवणे हेच बीसीएल-२ प्रथिनाचे मुख्य कार्य आहे.

ऑक्सिडीकारक ताण : श्वसनक्रियेत ऑक्सिजनाचा काही अंश पूर्णपणे पाण्यात रूपांतरित न होता सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड, हायड्रॉक्सिल मूलक यांसारख्या अतिशय क्रियाशील रूपांत शिल्लक राहतो. रिबेका गर्शमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये, ऑक्सिजनाची विषबाधा व क्ष-किरणांनी होणारी इजा या दोहोंचे मूळ अशा मुक्त मूलकांत आहे, असे प्रतिपादन केले. १९६९ मध्ये जो मकॉर्ड व अर्विन फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइडाचा नाश करणारे एंझाइम शोधून काढले. शरीरात या मूलकांविरुद्ध खास संरक्षणव्यवस्था आहे, हे त्यावरून सिद्ध झाले. कॅटॅलेज हे एंझाइम आणि ग्लुटाथायोन हे गंधकयुक्त संयुग याच व्यवस्थेचे भाग होत. या क्रियाशील घटकांची निर्मिती संरक्षणाच्या आवाक्याबाहेर गेली म्हणजे जी स्थिती निर्माण होते तिला जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मूट झीस यांनी १९८५ मध्ये ‘ऑक्सिडीकारक ताण’ असे नाव दिले.

हा ताण कर्करोगात दुहेरी भूमिका बजावतो. मंद व दीर्घकालीन ताणाने डीएनएला इजा होऊन उत्परिवर्तने घडतात व कर्करोगास सुरुवात होऊ शकते. तीव्र ताणाने मात्र कोशिका मरते. मानवी अर्बुदांच्या कोशिका मोठ्या प्रमाणात हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करतात, असे १९९१ मध्ये दिसून आले. म्हणजेच या कोशिका आधीच ताणाच्या मर्यादेजवळ वावरत असतात. निरोगी कोशिकेला सहन होईल एवढी भर त्यांना मारक ठरू शकेल, अशी कल्पना यातून पुढे आली. मात्र अनेक अर्बुदे आपली संरक्षणव्यवस्थाही वाढवितात, त्यामुळे ही कल्पना प्रत्यक्षात आणणे अवघड जाते.

वनस्पती व सूक्ष्मजीव यांपासून मिळालेली औषधे : कोशिकामृत्यूची यंत्रणा समजण्यापूर्वीच काही प्रभावी नैसर्गिक औषधे उपयोगात आलेली होती. १९५८ मध्ये कॅनडात रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीर यांनी सदाफुलीपासून व्हिनब्लास्टीन वेगळे केले. ते मधुमेहावरील उपयोगाचा शोध घेत होते. परंतु या वनस्पतीच्या अर्काने उंदरांतील श्वेतकोशिका कमी होतात, असे त्यांना आढळले. अमेरिकेत मन्‍रो वॉल व मनसुख वाणी यांनी १९६६ मध्ये एका चिनी वृक्षापासून कँप्टोथेसीन व १९७१ मध्ये पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीपासून टॅक्सॉल ही संयुगे मिळविल्याचे प्रसिद्ध केले. वाणी यांचा जन्म नंदुरबारचा असून त्यांचे शिक्षण मुंबई विद्यापीठात झाले होते. १९७२ मध्ये मुंबईतील गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्राचे टी. आर्. गोविंदाचारी व एन्. विश्वनाथन यांना सह्याद्रीतील नरक्या या लहान वृक्षात कँप्टोथेसीन आढळले. पुढे या मागणीपायी नरक्याची बेसुमार तोड झाली.

या औषधांची लक्ष्ये निरनिराळी आहेत. व्हिनब्लास्टीन व टॅक्सॉल कोशिकाविभाजनास लागणाऱ्या सूक्ष्मनलिकांवर परिणाम करतात, तर कँप्टोथेसीन डीएनएचा पीळ सोडविणाऱ्या एंझाइमास अडवून धरते. ऑक्सिडीकारक ताण हे त्यांचे प्रमुख साधन नव्हे. परंतु इजा झालेली कोशिका अखेरीस बहुधा कलकणूंच्या वर वर्णन केलेल्या मार्गानेच मरते. डॉक्सोरुबिसीन या, मृदेतील सूक्ष्मजीवापासून १९६९ च्या सुमारास मिळालेल्या औषधाची गोष्ट थोडी वेगळी आहे. ते डीएनएवर परिणाम करते, तसेच मुक्त मूलकेही निर्माण करते. त्याने हृदयाच्या स्नायूला होणाऱ्या इजेत या मूलकांचा वाटा असतो. ताणाचे हत्यार निरोगी ऊतकांवरही उलटू शकते, याचे हे ठळक उदाहरण होय.

सोमल : ऑक्सिडीकारक ताण व कोशिकामृत्यू यांचा संबंध सर्वांत स्पष्टपणे सिद्ध झाला तो सोमल (आर्सेनिक ट्राय-ऑक्साइड) या खनिजजन्य विषाच्या बाबतीत. सोमल, हरताळ व मनशीळ ही आर्सेनिकाची द्रव्ये भारतीय रसशास्त्रात व चिनी वैद्यकात परिचित होती. १७८६ मध्ये इंग्लंडमधील टॉमस फाउलर यांनी आर्सेनिकाचा एक विद्राव औषध म्हणून प्रसिद्ध केला. १८६५ मध्ये लिसाउअर या जर्मन वैद्यांनी तो रक्ताच्या कर्करोगावर वापरला. पुढे प्रारण चिकित्सा व नवीन रासायनी औषधे आल्यावर त्याचा वापर मागे पडला.

१९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत चीनमधील हार्बिन येथील वैद्य जांग टिंगडाँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण भागात प्रचलित असलेल्या एका औषधाची तपासणी केली. त्यात सोमल, पाऱ्याचे एक संयुग व भेकाचे विष असे तीन घटक होते. एकेक घटक वगळून पाहता गुण सोमलाचाच असल्याचे दिसून आले. तीव्र प्रोमायलोसाइटी श्वेतकोशिकार्बुद या रक्ताच्या कर्करोगात तो विशेष आढळला. १९५७ मध्ये प्रथम स्वतंत्रपणे वर्णन झालेल्या या रोगात रुग्ण रक्तस्रावाने काही आठवड्यांतच दगावत असत. १९९६–९७ मध्ये शांघाय येथील चेन जू, वाँग जेन्यी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोमलाचे परिणाम आंतरराष्ट्रीय नियतकालिकांतून मांडले. अल्प संहतीत (सु. ०·१ ते ०·५ मायक्रोमोल प्रतिलिटर) या कोशिका काही अंशी प्रौढ होतात आणि त्याहून अधिक संहतीत (सु. ०·५ ते २ मायक्रोमोल) ॲपॉप्टोसिसने मरतात, असे त्यांनी दाखविले.

या विशिष्ट कोशिकाच इतक्या सहज का मरतात, याचे एक कारण १९९९ मध्ये पुढे आले. त्यांच्यात हायड्रोजन पेरॉक्साइडाचा नाश करणारी एंझाइमे कमी असतात. सोमलामुळे पेरॉक्साइड साठते, कलकणूंचे आवरण बिघडते व मृत्यूची साखळी सुरू होते. ग्लुटाथायोन कमी केल्यास एरवी दाद न देणाऱ्या अन्य कर्करोगकोशिकाही सोमलास बळी पडतात, असेही प्रयोगशाळेत आढळले. दुसरे कारण २०१० मध्ये स्पष्ट झाले. या रोगाचे मूळ असलेल्या, १५ व १७ या क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून निर्माण झालेल्या संमिश्र प्रथिनाच्या गंधकयुक्त भागाशी आर्सेनिक थेट जोडले जाते व त्या प्रथिनाचा नाश होतो. तेव्हा ताण हे येथे एकमेव कारण नसून एका नेमक्या लक्ष्याच्या जोडीने ते कार्य करते.

वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९९८–२००४ या काळात ७२ रुग्णांवर केवळ सोमलाने उपचार केले असता सु. ८६ टक्के रुग्णांत रोगाचा पूर्ण उपशम झाला. महागडी रासायनी चिकित्सा न परवडणाऱ्या देशांच्या दृष्टीने हा निष्कर्ष मोलाचा होता. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटली व जर्मनी येथील तुलनात्मक अभ्यासात, सौम्य व मध्यम धोक्याच्या रुग्णांना सोमल व अ जीवनसत्त्वापासून बनलेले रेटिनॉइक अम्ल दिले असता दोन वर्षे रोगाच्या उपद्रवाविना राहणाऱ्यांचे प्रमाण ९७ टक्के भरले. रेटिनॉइक अम्ल व रासायनी चिकित्सा घेणाऱ्यांत ते ८६ टक्के होते. एकेकाळचा अत्यंत मारक कर्करोग अशा प्रकारे बहुतांशी बरा होणाऱ्या रोगांत जमा झाला. हे औषध मात्र शुद्ध स्वरूपात, मोजून, शिरेवाटे व हृदयाच्या तालावर सतत लक्ष ठेवूनच द्यावे लागते. बंगाल व बांगला देशातील विहिरींच्या पाण्यातून हेच आर्सेनिक वर्षानुवर्षे अल्प प्रमाणात पोटात गेल्याने त्वचा, फुप्फुसे व मूत्राशय यांचे कर्करोग होतात, हे येथे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

अपेक्षा व मर्यादा : सोमलासारखे यश इतर नैसर्गिक संयुगांना अपवादानेच मिळाले. हळदीतील कुर्कुमीन १८१५ मध्ये वेगळे करण्यात आले व त्याची संरचना १९१० मध्ये निश्चित झाली. १९८५ मध्ये केरळातील संशोधकांनी त्याच्या कर्करोगविरोधी गुणाचे निष्कर्ष प्रसिद्ध केल्यावर त्यावर हजारो निबंध लिहिले गेले. परीक्षानलिकेत ते ताण निर्माण करून कर्करोगकोशिका मारते. परंतु ते आतड्यातून फारसे शोषले जात नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील एका अभ्यासात रुग्णांना रोज ८ ग्रॅम कुर्कुमीन देऊनही रक्तातील त्याचे प्रमाण अत्यल्प राहिले. शिवाय ते अनेक प्रथिनांशी सैलपणे जुळत असल्याने चाचण्यांत फसवे निष्कर्ष देते, असे २०१७ मधील एका सविस्तर समीक्षेत दाखवून देण्यात आले. पिंपळीतील पायपरलाँग्युमीन केवळ कर्करोगकोशिकांतच ताण वाढवून त्यांना मारते, असा २०११ मध्ये गाजलेला निबंध २०१८ मध्ये मागे घ्यावा लागला.

याउलट, ताण कमी करणारी प्रति-ऑक्सिडीकारके कर्करोग टाळतील, ही आशाही फोल ठरली. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या अभ्यासात (१९९४) रोज २० मिग्रॅ. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले. ई जीवनसत्त्व घेणाऱ्या पुरुषांत अष्ठीला ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढल्याचे अमेरिकेतील अभ्यासात २०११ मध्ये दिसून आले. उंदरांवरील २०१४ च्या स्वीडिश प्रयोगांत प्रति-ऑक्सिडीकारकांनी फुप्फुसातील अर्बुदांची वाढ जलद झाली. ताणापासून निरोगी कोशिकेला मिळणारे संरक्षण कर्करोगकोशिकेलाही मिळते, हा याचा संभाव्य अर्थ होय. क जीवनसत्त्वाची वर्तणूकही अशीच दुहेरी आहे. तोंडाने दिल्यास त्याचा रुग्णांना लाभ होत नाही, असे १९७९ व १९८५ मधील अमेरिकी चाचण्यांत ठरले. पण अतिशय अधिक संहतीत ते हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करून कोशिका मारते, असे २००५ मध्ये प्रयोगशाळेत दिसून आले.

२०१२ मध्ये स्कॉट डिक्सन व ब्रेंट स्टॉकवेल यांनी लोहाच्या साहाय्याने आवरणातील मेदद्रव्यांचे ऑक्सिडीभवन होऊन घडणाऱ्या, ॲपॉप्टोसिसहून निराळ्या कोशिकामृत्यूस ‘फेरॉप्टोसिस’ हे नाव दिले. त्यामुळे ॲपॉप्टोसिस टाळणाऱ्या कोशिकांसाठी संशोधनाचा दुसरा मार्ग खुला झाला आहे.

या इतिहासावरून असे दिसते की, एखादे द्रव्य नैसर्गिक आहे म्हणून ते सौम्य नसते आणि परीक्षानलिकेत कोशिका मारते म्हणून ते औषध ठरत नाही. सोमलाला औषधाचे स्थान मिळाले ते परंपरेमुळे नव्हे, तर घटकांची छाननी, मात्रेची निश्चिती, क्रियेचा उलगडा व रुग्णांवरील तुलनात्मक चाचण्या या क्रमाने त्याची परीक्षा झाल्यामुळे. ही परीक्षा न झालेल्या काढ्यांच्या व चूर्णांच्या भरवशावर सिद्ध उपचार लांबणीवर टाकणाऱ्या रुग्णाचा बरा होण्याचा काळ निघून जातो. दुसऱ्या बाजूस, हार्बिन येथील वैद्यांनी खेड्यातील औषध तुच्छ मानून दूर सारले असते, तर आज बरे होणाऱ्या असंख्य रुग्णांना तो लाभ मिळाला नसता.