वत्सगुल्माची वाणी

इंग्रजी भाषेच्या हौशी अभ्यासकांत लांबलचक शब्द जमविण्याचा छंद फार दिवसांपासून रूढ आहे. अमुक अक्षरानें आरंभ होणारे, अमुक स्वर क्रमानें येणारे असे शब्द निवडावयाचे, त्यांचे अर्थ मांडावयाचे आणि सर्वांत लांब कोण ठरतो तें पाहावयाचें. शेक्सपिअरनें आपल्या एका आरंभीच्या नाटकांत 'ऑनरिफिकॅबिलिट्यूडिनिटॅटिबस' हा २७ रोमन अक्षरांचा शब्द घातला आहे. त्यांत व्यंजन आणि स्वर आळीपाळीनें येतात. अर्थ मात्र इतकाच कीं, मानसन्मानास पात्र असणें. हा शब्द त्यानें विदूषकाच्या तोंडीं दिला, यांतच नाटककाराचा अभिप्राय कळून येतो.

संस्कृतज्ञास या छंदाचें हंसूं येईल. ज्या भाषेंत समासाला व्याकरणाची मर्यादाच नाहीं, तेथें २७ अक्षरांची मातबरी ती काय? परंतु लांब शब्द करतां येतो म्हणून तो करावा काय, आणि केलाच तर कोणासाठीं, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनींही मोठ्या कसोशीनें चर्चिला होता. आणि त्या चर्चेंत एका वऱ्हाडी गांवाचें नांव कायमचें गुंतून राहिलें आहे. तें गांव म्हणजे वाशीम, प्राचीन वत्सगुल्म.

वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन याचा पुत्र सर्वसेन यानें इ. स. च्या चौथ्या शतकांत येथें आपली गादी स्थापिली. त्याचा मुलगा दुसरा विंध्यशक्ति. या विंध्यशक्तीचा, राज्यारोहणाच्या ३७ व्या वर्षीं वत्सगुल्माहून दिलेला ताम्रपट वाशीम येथें १९३९ सालीं उजेडांत आला, आणि त्यामुळें वाकाटकांच्या या दुसऱ्या शाखेचा इतिहास प्रथमच नीट उलगडला. महामहोपाध्याय मिराशी यांनीं त्याचें विवेचन केलें आहे. नांदेडकडील उत्तर मार्गावरचें आकासपद्द नांवाचें गांव अथर्ववेदी ब्राह्मणांस दिल्याचा हा लेख आहे.

भाषेच्या दृष्टीनें हा पट मोठा मौजेचा आहे. आरंभीं वंशावळ येते, ती संस्कृतांत. तेथें प्रवरसेनानें केलेले अग्निष्टोम, आप्तोर्याम, वाजपेय इत्यादि यज्ञ आणि शेवटीं चार अश्वमेध हे सर्व एकाच शब्दांत ओंवले आहेत. वाचणाऱ्याचा श्वास संपतो, पण राजाचें पुण्य संपत नाहीं! मात्र वंशावळ आटोपून प्रत्यक्ष व्यवहाराचा भाग सुरू झाला, गांव कोणतें, कोणास दिलें, त्याला कोणत्या सवलती, हें सांगण्याची वेळ आली, कीं लेखक संस्कृत सोडतो आणि प्राकृतांत लिहूं लागतो. राजाची कीर्ति देववाणींत. पण ज्या अधिकाऱ्यांनीं व गांवकऱ्यांनीं हुकूम पाळावयाचा, त्यांना कळेल अशा बोलींत हुकूम. हा माझा तर्क आहे. पण दुसरें समर्पक कारण मला दिसत नाहीं.

या सवलतींचे शब्दही लांबच आहेत, आणि नवल असें कीं बहुतेक सर्वांचा आरंभ एकाच अक्षरानें होतो. तें अक्षर म्हणजे नकाराचा 'अ'. अमरावती जिल्ह्यांतील चम्मक येथें सांपडलेल्या दुसऱ्या प्रवरसेनाच्या ताम्रपटांत हेच शब्द संस्कृत रूपांत येतात, म्हणून सोयीसाठीं तीं रूपें घेतों. 'अभटच्छात्रप्रावेश्य' म्हणजे ज्या गांवांत राजाचे शिपाईप्यादे शिरावयाचे नाहींत असें. 'अपारंपरगोबलीवर्द' म्हणजे जेथें गाईबैल पाळीपाळीनें सरकारी कामास द्यावे लागत नाहींत. 'अपुष्पक्षीरसंदोह' म्हणजे जेथून फुलें व दूध उचललें जाणार नाहीं. 'अचारासनचर्मांगार' या एका शब्दांत तर दौऱ्यावर निघालेल्या अंमलदाराचा सगळा थाट आला: त्याच्या जनावरांना चारा, बसावयास कातडें, चुलीला कोळसा, यांतील कांहींही या गांवानें देणें नाहीं. 'अलवणक्लिन्नक्रेणिखनक' या शब्दाच्या फोडीविषयीं विद्वानांत एकमत नाहीं, तरी मीठ खणण्यावरील राजाचा हक्क त्यांत सोडला आहे, एवढें निश्चित. वाशीमच्या पटांत याखेरीज खाट व भांडीं पुरविण्यापासूनही सूट दिली आहे.

वाचकांनीं या 'अ'कडे किंचित् थांबून पाहावें. वाकाटक राजे रयतेकडून काय काय घेत, याची सरळ यादी कोणी लिहून ठेवलेली नाहीं. जें घेणार नाहीं म्हणून लिहिलें, त्यावरूनच इतर गांवांतून तें घेतलें जात होतें असें कळतें. एका गांवाच्या दारांतून शिपाई परत फिरला, यावरून शेजारच्या दहा गांवांत तो घरांत शिरत होता असें समजावयाचें. आकासपद्दला मिळालेली सूटसुद्धां दान घेणाऱ्या ब्राह्मणांच्या सोयीची होती. तेथील नांगरकऱ्याच्या वांट्यास तिच्यांतील किती आली, याविषयीं ताम्रपट गप्प आहे. यज्ञांचा शब्द कितीही लांब असला तरी इतिहासाला त्यापेक्षां दूधफुलांचा शब्द अधिक सांगतो.

आतां काव्याकडे वळूं. कनोजच्या महेंद्रपालाचा गुरु राजशेखर हा मूळचा महाराष्ट्रीय. इ. स. ९०० च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या 'काव्यमीमांसें'त त्यानें एक सुंदर कथा रचिली आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून निघाला. त्याला वळवून आणण्यासाठीं गौरीनें साहित्यविद्यावधू निर्माण केली. ती त्याच्यामागून देशोदेशीं गेली, आणि प्रत्येक देशीं तिचा वेष व बोलणें यांवरून त्याचीही वाणी बदलली. पूर्वेकडे गौड देशांत तो समासांनीं व अनुप्रासांनीं भरलेलें बोलला. पण त्याचें मन वळलें नाहीं. पांचालांत समास व अनुप्रास बेताचे झाले, तेव्हां तो थोडा विरघळला. दक्षिणेंत आल्यावर त्याची वाणी समासरहित झाली, आणि तो पूर्णपणें तिच्या स्वाधीन झाला. विदर्भांत मदनाचें क्रीडास्थान असें वत्सगुल्म नगर आहे. तेथें दोघांनीं गांधर्वविधीनें विवाह केला. काव्य आणि साहित्यविद्या यांचें लग्न वाशीमला लागलें, हा मान पुण्यालाही नाहीं.

या वाणीलाच वैदर्भी रीति म्हणतात. रुद्रटानें तर समासांची मोजदादच केली आहे: दोनतीन पदांचा समास ती पांचाली, पांच ते सात पदांचा ती लाटी, शक्य तितक्या पदांचा ती गौडी, आणि मुळींच समास नाहीं ती वैदर्भी. बाणभट्टानें गौडांच्या वाट्यास 'अक्षरडंबर' दिलें, तें याच अर्थानें. अक्षरांच्या सारखेपणाविषयींही दोन पक्ष होते. दंडी सांगतो कीं, गौडांना तेंच तें अक्षर पुनःपुन्हां आणणारा अनुप्रास आवडतो. वैदर्भांना मात्र एकाच स्थानांतून उच्चारलीं जाणारीं, एका कुळांतलीं अक्षरें जवळ आलेलीं अधिक रुचतात. तींच अक्षरें पुन्हां आणलीं तर कान थबकतो. जवळचीं अक्षरें आलीं तर कानाला गोडी कळते, पण युक्ति कळत नाहीं.

यावरून वऱ्हाडांत सर्व लोक समासाविना बोलत होते, असें मात्र कोणी समजूं नये. वाकाटकांच्याच नंदिवर्धन शाखेच्या दुसऱ्या प्रवरसेनाचें 'सेतुबंध' हें प्राकृत काव्य लांब समासांनीं गजबजलेलें आहे. आणि वाशीमचा ताम्रपट तर आपण पाहिलाच. वत्सगुल्माच्या सर्वसेनाचें 'हरिविजय' हातीं असतें तर या वादाला कांहीं तरी भरीव आधार मिळता. श्रीकृष्णानें सत्यभामेसाठीं पारिजात आणल्याच्या कथेवरील या प्राकृत काव्याची आनंदवर्धनानें प्रशंसा केली आहे. पण तें लुप्त झालें, आणि इतर ग्रंथांत उद्धृत केलेल्या वेंच्यांवर आपणांस भागवावें लागतें. कुंतकानें तर रीतींना देशांचीं नांवें देण्याचीच थट्टा केली: काव्य रचणें म्हणजे मामेबहिणीशीं लग्न लावण्यासारखा एखाद्या प्रांताचा रिवाज आहे काय, असें तो विचारतो. दक्षिणेकडील आपण मंडळींनीं ही कोपरखळी हंसून घ्यावी हें बरें.

तरी नांव चिकटलें तें चिकटलेंच. आणि त्या नांवाचीच गंमत पाहा. 'वत्सगुल्म' याची व्युत्पत्ति कोणी वत्स ऋषीच्या तपश्चर्येवरून लावतात, तर कामसूत्राचा टीकाकार वत्स व गुल्म या दोन भावांवरून. लोकांच्या जिभेला ही जोडाक्षरें जड झालीं असावींत. 'त्स'चा 'च्छ' झाला, मधला 'ग' गळला, 'ल्म'मधील 'ल' नाहींसा झाला आणि 'वच्छोम' उरलें. पुढें तेंच वाशीम. इंग्रजांनीं 'बासिम' लिहिलें. त्या नांवाचा जिल्हा १९०५ सालीं अकोल्यांत विलीन झाला, आणि १ जुलै १९९८ रोजीं वाशीम जिल्हा म्हणून पुन्हां वेगळा निघाला. ही झीज राजशेखराच्या काळींच पुरी रुळली होती. त्याच्या 'कर्पूरमंजरी' या सबंध प्राकृत नाटिकेच्या मंगलाचरणांत तीन रीतींचें स्मरण आहे. त्यांत पहिली येते ती 'वैदर्भी' या नांवानें नव्हे, तर 'वच्छोमी' म्हणून.