काळी जहाजे आणि पाच विद्यार्थी

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ८ जुलैला, अमेरिकेचा कमोडोर पेरी चार काळी युद्धजहाजे घेऊन जपानच्या उरागा बंदरासमोर येऊन थांबला. तोवर दोनशेहून अधिक वर्षे पाश्चात्त्यांपैकी फक्त डचांना, तेही नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर, व्यापाराची परवानगी होती.

१८५४च्या तहाने शिमोदा आणि हाकोदाते ही बंदरे अमेरिकी जहाजांना खुली झाली. खरी किंमत मोजावी लागली ती १८५८च्या व्यापारी करारात. नोकरीत मला कंत्राटांतली कलमे वाचावी लागतात, म्हणून असेल, पण यातली दोन कलमे मला फार बोचली. जपानमध्ये गुन्हा करणाऱ्या अमेरिकी माणसाचा न्याय अमेरिकी अधिकारीच करणार. आणि जकातीचे दर जपानला आपल्या मर्जीने बदलता येणार नाहीत. त्याच वर्षी हॉलंड, रशिया, ब्रिटन आणि फ्रान्स यांनीही तसेच करार पदरात पाडून घेतले. सम्राटाच्या संमतीविना सह्या झाल्याने शोगुनच्या राजवटीवर रोष ओढवला. १८६०मध्ये तिचा सर्वेसर्वा मंत्री ई नाओसुके याचा एदोच्या किल्ल्याच्या दाराबाहेर खून झाला.

१८६३मध्ये चोशू संस्थानाने परदेशी जहाजांवर तोफा डागल्या. त्याच वर्षी, परदेशगमनाला बंदी असताना, त्याच संस्थानातले पाच तरुण लपूनछपून लंडनला शिकायला गेले. पुढच्या वर्षी चार देशांच्या आरमाराने चोशूच्या तोफा बंद पाडल्या. १८६७मध्ये शोगुनने सत्ता सम्राटाकडे परत सोपवली. पाचांपैकी इतो हिरोबुमी देशाचा पहिला पंतप्रधान झाला, इनोउए मासारूने रेल्वे उभारली, तर यामाओ योझोने अभियांत्रिकी शिक्षणाचा पाया घातला. इंजिनिअर म्हणून मला या दोघांचे विशेष कौतुक वाटते.

तरीही परकीयांचा वेगळा न्याय संपायला १८९९ उजाडले आणि जकातीचा पूर्ण हक्क मिळायला १९११. एक सही पुसायला ५३ वर्षे लागली.

सर, बाई, एक प्रश्न मात्र तुमच्यासाठी राखून ठेवला आहे. १८७६मध्ये जपानने स्वतःच कोरियावर असाच असमान तह लादला. जे सोसले तेच दुसऱ्यावर लादायचे, हे त्या पाचांच्या पिढीने कोणत्या शाळेत शिकले असेल? संमेलनात भेटू, तेव्हा यावर नक्की बोलूया.