तोतया क्षेपणास्त्रे

तोतया म्हटला की आपणांस पानिपतानंतरचा भाऊसाहेबांचा तोतया आठवतो. सोंग जितके हुबेहूब, तितका राज्याला धोका मोठा. नौदले मात्र असे तोतये मुद्दाम पोसतात, आणि त्यांची तक्रार असते ती सोंग पुरेसे वठत नाही अशी!

२१ ऑक्टोबर १९६७ रोजी पोर्ट सैदजवळ इजिप्तच्या चिमुकल्या नौकांनी सोव्हिएत बनावटीची स्टिक्स क्षेपणास्त्रे सोडून इस्रायलची ‘एलात’ ही विनाशिका बुडविली. ४७ माणसे गेली. चारच वर्षांनी, ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री, आपल्या नौदलाने त्याच जातीच्या अस्त्रांनी कराचीसमोर पाकिस्तानची ‘खैबर’ रसातळाला नेली. असा मारा आपल्या नौका थोपवतील काय, हा प्रश्न मग साऱ्या नौदलांपुढे उभा राहिला. विमानाने दोरीवर ओढलेल्या कापडी निशाणावर गोळ्या झाडून त्याचे उत्तर मिळणार नव्हते.

अमेरिकेचे टॅलॉस हे विमानवेधी अस्त्र १९७९ साली सेवेतून निघाले. उरलेल्या टॅलॉसमधील स्फोटके काढून त्यांना शत्रूचा वेष चढविला आणि नाव दिले व्हँडल. वेग ध्वनीच्या दुपटीहून अधिक. परंतु जन्म आकाशातले विमान गाठण्यासाठी. लाटांना चाटून येणाऱ्या नव्या सोव्हिएत अस्त्रांची चाल त्याला पुरती साधेना. तेव्हा सोव्हिएत संघ कोसळल्यावर अमेरिकेने चक्क रशियाकडूनच खरी जहाजवेधी क्षेपणास्त्रे विकत घेऊन त्यांची निशाणे केली! ज्याच्या धास्तीने शीतयुद्धाची वर्षे काढली, त्याच्याच दुकानी ही खरेदी. पुढे तिने स्वतःचे कायोटी तयार केले. त्याचे पहिले उड्डाण २००४ साली झाले. ते पाण्यापासून चार-पाच मीटरांवरून ध्वनीच्या अडीचपट वेगाने येते.

तोतयाच्या पोटात स्फोटके नसली तरी इंधन असते, आणि वेग तर खराच असतो. १९८३ साली ‘अँट्रिम’ या अमेरिकी फ्रिगेटच्या तोफेने असे एक निशाण, वैमानिकरहित विमान, जवळ येताच अचूक टिपले. तरी त्याचे अवशेष पाण्यावरून उसळी घेत नौकेवर आदळले, आग लागली, आणि नौकेवरील एक मुलकी प्रशिक्षक प्राणास मुकला. २०१३ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापुढे ‘चॅन्सेलर्सव्हिल’ ही क्रूझर तसल्याच एका विमानाचा रडारवर केवळ माग काढीत होती. ते वळलेच नाही. सरळ नौकेच्या अंगात घुसले, आणि दोघे नाविक भाजले.