भाकरीची प्रार्थना

पदव्युत्तर वर्गाला ‘स्मृतिचित्रे’ शिकवण्याची आमची एक ठरून गेलेली रीत होती. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळ्याचे वेड, टिळकांचा तऱ्हेवाईक उदारपणा, घरात पैसा न टिकण्याचे किस्से आणि या सर्वांवर पसरलेला लक्ष्मीबाईंचा निर्मळ विनोद, एवढे झाले की आमचे तास भरत. टिळकांच्या कवितेकडे वळताना ‘फुलामुलांचे कवी’ हे बिरुद हाताशी असेच. ‘केवढे हे क्रौर्य!’ विद्यार्थ्यांनी शाळेतच वाचलेली असे. नावामागच्या ‘रेव्हरंड’ या शब्दाचा अर्थ एका वाक्यात सांगून आम्ही पुढे जात असू. हा आमचा आळस होता की संकोच, याचा विचार करण्याची वेळ एका विद्यार्थिनीने आमच्यावर आणली.

वर्ष संपत आले असताना ती शिक्षक-खोलीत आली आणि म्हणाली, “मॅडम, टिळक आमच्या घरी रोज गातात. आजीला लिहिता-वाचता येत नाही, पण तिला त्यांची पदं पाठ आहेत. इथं वर्गात ते नुसते फुलांवर लिहिणारे कवी का असतात?” आम्हा दोघांनाही उत्तर सुचले नाही. वर्षभर पहिल्या बाकावर बसणारी ही मुलगी ख्रिस्ती घरातली आहे, हेही आम्हांला त्या दिवशी कळले. तिने ते आधी का सांगितले नव्हते, याचे कारण पुढे हळूहळू उमगले.

मे महिन्यात आम्ही तिच्या गावी गेलो. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले ते कोरडवाहू गाव. दुपारी ताटे मांडली गेली, आम्ही घासाला हात घालणार तोच आजींनी डोळे मिटले. त्यांची प्रार्थना तीन-चार मिनिटे चालली. तीत आटलेली विहीर होती, पिंपरीला कामाला असलेला मुलगा होता, गाभण शेळी होती, शेजारच्या घरातले आजारपण होते आणि ‘लांबून आलेले हे पाहुणे’ही होते. देवाला त्या सरळ ‘तू’ म्हणत होत्या. विनवणी होती, मधूनच तक्रारही होती. शेवटी त्यांनी भाकरीबद्दल आभार मानले आणि मग आम्हांला म्हणाल्या, “जेवा आता, निवतंय.”

त्या ‘भाकर’ शब्दाने आम्हांला परतीच्या वाटेवर सोडले नाही. येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना जगभर म्हटली जाते. तीत रोजच्या अन्नाचे जे मागणे आहे, तेथे मराठी प्रार्थनेत ‘भाकर’ हा शब्द आहे. गोव्याच्या कोकणीत त्याच जागी ‘गिरास’ येतो. गिरास म्हणजे ग्रास, घास. भात खाणाऱ्या मुलखाने घास मागितला, ज्वारी-बाजरीच्या मुलखाने भाकर मागितली. एका शब्दाच्या निवडीत देश दिसतो, हवामान दिसते आणि भूकही दिसते. मराठी ख्रिस्ती प्रार्थनेचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी अशा शब्दांच्या निवडीचा इतिहास आहे, असे आम्हांला वाटते. देवाशी कोणत्या भाषेत बोलायचे, आणि ती भाषा कोणाची, हा वाद त्यात चारशे वर्षे चालू आहे.

या वादाची सुरुवात आपल्या वाङ्मयेतिहासाच्या परिचित पानावरच आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, साष्टी प्रांतात राहिला आणि त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथातील मराठीची स्तुती प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते. मात्र ग्रंथाच्या आरंभीचा प्रसंग आपण फारसा सांगत नाही. धर्मशिक्षणासाठी जमलेल्यांपैकी एक ब्राह्मण पाद्रीला सुचवतो, की तुमची शिकवण चांगली आहे. पण पूर्वी आम्हांला जशी पुराणे होती, तसे काही आता वाचायला-ऐकायला असते तर बरे झाले असते. या मागणीकडे नीट पाहावे. धर्म बदलला होता, नावे बदलली होती, परंतु संध्याकाळ रिकामी झाली होती. सिद्धांत देवळात मिळत होता. घरी, ओसरीवर, कानांना लागलेली सवय मात्र उपाशी होती. स्टीफन्सने त्या उपाशी कानांसाठी ओवी लिहिली. ते पुराण गोव्यात वाचले आणि ऐकले गेले.

परंतु ज्या राज्याच्या छायेत हे घडले, त्याला हे फार काळ मानवले नाही. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढून तीन वर्षांच्या आत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम केला. माणसाच्या तोंडातली भाषा हुकुमाने जात नाही, हे पुढे सिद्ध झालेच. ‘ख्रिस्तपुराणा’च्या सतराव्या शतकातील छापील प्रती मात्र आज उपलब्ध नाहीत. हस्तलिखितांतून ते टिकले आणि १९०७ साली मंगळूरला पुन्हा छापले गेले.

घाटावरची कथा वेगळी आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ साली मुंबईला आले. पुढे अहमदनगर हे त्यांच्या कामाचे मोठे केंद्र झाले आणि तेथूनच १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. येथे जे ख्रिस्ती झाले, त्यांत महार आणि मांग समाजांतील लोकांची संख्या मोठी होती. ज्यांना गावच्या देवळाची पायरी चढता येत नव्हती, त्यांनी प्रथमच एका छताखाली बसून मोठ्याने देवाचे नाव घेतले. परदेशी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते त्यांच्या गळ्यात सहज उतरणारी नव्हती. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या नगरच्या गीतकारांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले, देशी चालींवर पदे रचली, आणि उपासनेत टाळ-झांजांचा नाद आला. टिळकांच्या आधीची ही पायाभरणी आहे. आमच्या अभ्यासक्रमात सांगळ्यांचे नाव नाही, हे येथे नोंदवून ठेवले पाहिजे.

नारायण वामन टिळक या परंपरेत आले ते १८९५ साली. त्याआधी दोन वर्षे, नागपूरहून राजनांदगावला जाताना, आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला होता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशा अर्थाचे ते सांगत. हा पूल त्यांनी ओलांडल्यावर मोडून टाकला नाही, हे महत्त्वाचे. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त ‘माउली’ होतो, गुरू आणि आई एकाच वेळी होतो. बायबलातील देव बाप आहे. पंढरीच्या वाटेवरच्या माणसाने त्या बापाच्या लेकराला आई म्हणून हाक मारली. ही हाक अलंकार म्हणून आलेली नाही. मराठी माणूस देवाशी सलगीने बोलतो तेव्हा त्याच्या तोंडी आधी ‘माउली’ येते. टिळकांनी ते तसे येऊ दिले. १९१७ साली त्यांनी मिशनच्या चाकरीतून अंग काढून घेतले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ९ मे १९१९ रोजी ते गेले. त्यांची पदे मात्र उपासनेच्या पुस्तकातून गावोगाव पोहोचली, आमच्या विद्यार्थिनीच्या आजीपर्यंत.

येथे एका दुसऱ्या बाईचे म्हणणेही ऐकले पाहिजे, कारण ते टिळकांच्या नेमके उलट आहे. पंडिता रमाबाई पुराणिकाच्या पोटी जन्मल्या. भारतभर हिंडत पुराणे सांगणे हाच त्यांच्या कुटुंबाचा उदरनिर्वाह. दुष्काळात आई-वडील आणि बहीण डोळ्यांदेखत गेली. पाठ असलेल्या हजारो श्लोकांनी घासभर अन्न मिळवून दिले नाही. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण कोणाच्याही म्हणण्याला मुकाट्याने मान डोलावणे त्यांच्या स्वभावात नव्हते. क्रूसावर लॅटिन अक्षरेच का असावीत, आमच्या संस्कृतपेक्षा लॅटिनमध्ये अधिक पवित्र असे काय आहे, असा प्रश्न त्यांनी आपल्या इंग्रज धर्मगुरुभगिनींनाही विचारला. हीच बाई पुढे बायबलाचे भाषांतर करायला बसली, तेव्हा मात्र तिने संस्कृतप्रचुर मराठीचीही वाट सोडली. प्रचलित भाषांतरातील जड आणि वेदान्ताचा वास असलेले शब्द त्यांना नको होते. खेड्यातल्या अर्धशिक्षित बाईला वाचून कळेल, अशी भाषा त्यांना हवी होती. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमधील बायकांनी खिळे जुळवले, छपाई केली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. संपूर्ण बायबल त्यांच्या पश्चात, १९२४ साली प्रसिद्ध झाले.

टिळकांना पूल हवा होता, रमाबाईंना पुलाखालून जुन्या अर्थांचे पाणी आत शिरेल अशी भीती होती. आम्ही बराच काळ या दोन भूमिकांतील एक निवडण्याचा प्रयत्न करीत होतो. टिळकांची बाजू आम्हांला साहजिकच जवळची, कारण आम्ही तुकोबा शिकवतो. पण रमाबाईंना ज्या भाषेचा संशय होता, तिने बायकांना किती काळ दाराबाहेर ठेवले होते, हे त्यांनी स्वतः पाहिले होते; आम्ही ते फक्त वाचले आहे. १८९६–९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी ज्या शेकडो मुली आणल्या, त्यांना अलंकार समजत नव्हते. १९०५ साली याच मुक्तीमध्ये प्रार्थनेची लाट उसळली, मुली एकत्र, मोठ्याने, रडत प्रार्थना करू लागल्या. शिस्तीच्या उपासनेची सवय असलेल्या काहींना ते रुचले नाही. आजवर ज्यांना कोणी बोलू दिले नव्हते, त्यांना बोलण्यासाठी एक हक्काचा श्रोता सापडला होता, असे आम्ही त्याकडे पाहतो. त्यांच्या श्रद्धेविषयी यापुढे बोलण्याचा आम्हांला अधिकार नाही.

आणि लक्ष्मीबाई? त्यांना ना पूल बांधायचा होता, ना मोडायचा होता. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून त्यांनी बदलला नाही. ताटातुटीची वर्षे त्यांनी काढली, त्यांतले काही दिवस पंढरपुरात. पुढे एकत्र राहू लागल्यावरही त्यांचे सोवळे वेगळे होते. जातिभेद देवाने केलेला नसून माणसांनी केला आहे, हे मनाला पटले तेव्हा ते सोवळे गळाले, आणि त्यानंतर १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. त्यांच्या श्रद्धेचा पहिला विधी पाण्याच्या घोटाचा होता. कोणाच्याही हातचे पाणी पिणे, कोणाच्याही पंक्तीला बसणे. सोवळ्यापायी घर हैराण करणाऱ्या बापाची ही मुलगी. ‘स्मृतिचित्रे’तील ज्या प्रसंगांना आम्ही वर्गात विनोद म्हणून हसत होतो, त्यांच्या खाली हा प्रवास वाहत होता, आणि आम्ही त्यावरून कोरड्या पायांनी चालत गेलो होतो. टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ याच बाईंनी पूर्ण केले, हे सांगतानाही आम्ही पत्नीच्या निष्ठेचे कौतुक करीत असू. त्यामागे त्यांची स्वतःची प्रार्थना असेल, हे मनात येत नसे.

हा प्रश्न फक्त जुन्या काळाचा नाही. वसईच्या कॅथलिक घरांत पिढ्यान्‌पिढ्या माळेची प्रार्थना चालत आली, पण देवळातली मिस्सा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६२–६५पर्यंत, लॅटिनमध्येच होती. त्यानंतर मराठी वेदीपर्यंत पोहोचली. त्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. एका ख्रिस्ती धर्मगुरूने संमेलनाध्यक्ष व्हावे का, अशी कुजबुज आणि विरोधही तेव्हा झाला. २०२४ साली ते निवर्तले. स्टीफन्सची स्तुती पाठ करणाऱ्या आपल्या समाजाला दिब्रिटोंची मराठी परकी वाटावी, याची लाज आम्हांला मराठीचे शिक्षक म्हणून वाटते.

आता ती विद्यार्थिनी वर्षभर का बोलली नव्हती, हे सांगतो. अनुसूचित जातींविषयीच्या १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशात आधी केवळ हिंदूंचा, पुढे १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्या दलितांचा झालेला नाही. जात गावात जशीच्या तशी राहते, सवलत मात्र प्रार्थनेबरोबर जाते. त्यामुळे अनेक घरांत देवाचे नाव कोणापुढे घ्यायचे, याचा हिशेब करावा लागतो. आजींनी आमच्यासमोर मोठ्याने प्रार्थना केली, हे त्या अर्थाने पाहुणचाराहून मोठे होते. त्यांनी आमच्यावर विश्वास टाकला होता.

यंदा ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना आम्ही उपासनेच्या पुस्तकाची एक जुनी प्रत वर्गात नेली. ती आजींच्या घरची. कव्हर गेलेले, पानांना तेलाचे बोट लागलेले. टिळकांच्या निसर्गकविता आम्ही गाळल्या नाहीत. त्यांच्या शेजारी पदे ठेवली, सांगळ्यांचे नाव फळ्यावर लिहिले, रमाबाईंचा आक्षेपही मांडला. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा पुस्तक चाळत थांबला आणि हळूच म्हणाला, “सर, यातलं एक पद आमच्याकडं पण म्हणतात.” आम्ही त्याला काही विचारले नाही. प्रत दोन दिवस घरी नेऊ का, असे त्याने विचारले, आणि आम्ही ती त्याच्या हाती दिली.